राष्ट्रीय लोकअदालतीत केस ठेवावी का? (आणि शिवाजीनगर कोर्टातली ही वेगवेगळी कोर्टं)

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी मावशी, अपघात झाला तेव्हा वय ५२. घरातून डबे देते, वीसेक डबे असतात रोजचे. २०२२ च्या पावसाळ्यात रस्ता ओलांडताना तिला टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, आता चालते पण जिना म्हटलं की कठडा धरूनच. अपंगत्वाचं सर्टिफिकेट २० टक्क्यांचं आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा तेव्हाच टाकला, म्हणजे वकिलांनी टाकला, आम्ही सह्या केल्या. तेव्हापासून तारखा चालू.

आता वकील म्हणतात येत्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवू, इन्शुरन्स कंपनी साडेतीन लाखाला तयार आहे. मावशी म्हणते घेऊन टाकू, माझ्या जिवाला घोर नको. मला काही पटत नाहीये पण का पटत नाहीये हेही धड सांगता येत नाहीये.

दुसरं म्हणजे परवा आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात गेलो. मेट्रोच्या जिल्हा न्यायालय स्टेशनवरून वर आलो, गेटवर विचारलं कोर्ट कुठे, तर तो माणूस म्हणाला कुठलं? फॅमिली, मोटार अपघात, चेक बाउन्स, का दिवाणी? मला वाटलं होतं कोर्ट म्हणजे कोर्ट. ही वेगळी कोर्टं आपल्यासारख्यांसाठी खरंच वेगळी असतात, का फक्त दारं वेगळी आणि आत सगळं तेच? अनुभव असतील तर लिहा.

बिनपाण्याचा_पुणेकर
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता मेट्रोने सरकता जिना करून दिलाय, त्यामुळे पायरी चढायचा प्रश्नच मिटला.

गारवा
@बिनपाण्याचा 😂😂 पहिलाच प्रतिसाद आणि धागा वसूल

काळाकोट
वकील आहे, पण हा सल्ला नाही, माहिती समजा. तुमचे वकील कागद बघून बोलतायत, मी नाही.

लोकअदालतीबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, तिथे कोणी तुमच्यावर निकाल लादू शकत नाही. दोन्ही बाजूंची संमती असेल तरच तडजोड, नाहीतर केस जशीच्या तशी मूळ कोर्टात परत जाते, तुमचं काहीही बिघडत नाही. दुसरी गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे. एकदा सही केली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातलं कलम २१ बघा. फसवणूक वगैरे झाली असेल तर हायकोर्टात रिट, तेही फार थोड्या कारणांवर. घरी जाऊन विचार केला आणि कमी वाटलं, याला औषध नाही.

म्हणून जायला घाबरू नका, सही करायला घाबरा.

नर्मदाकाठ
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

निवृत्त_रोजनामा
मी ३३ वर्षं कोर्टात नोकरी केली, क्लार्क म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून रिटायर झालो, जिल्हा सांगत नाही. लोकअदालतीचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघर असायचं. आदल्या आठवड्यापासून नोटिसा काढायच्या, कुठल्या पॅनेलपुढे कुठल्या केसेस त्याच्या याद्या लावायच्या, मांडव, पाण्याचे जार, बँकवाल्यांची टेबलं वेगळी, इन्शुरन्सवाल्यांची वेगळी. पॅनेलवर न्यायाधीश असतात, कार्यरत किंवा निवृत्त, सोबत एक वकील आणि पुष्कळदा एखादे समाजकार्यकर्ते. न्यायाधीश डायसवर न बसता टेबलापलीकडे बसतात, एवढ्यानेच पक्षकाराचा अर्धा ताण उतरतो. हे मी स्वतः पाहिलंय, नेहमीच्या कोर्टात तोंडातून शब्द न निघणारी म्हातारी माणसं तिथे घडाघडा बोलतात.

हा प्रकार काही आजचा नाही. पहिली लोकअदालत १९८२ साली गुजरातेत जुनागढ जिल्ह्यात भरली, कायदा १९८७ चा आणि तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. तीच तारीख विधी सेवा दिन म्हणून पाळतात, आम्हाला त्या दिवशी प्रभातफेरीला जावं लागायचं, सकाळी सातला, पांढरा शर्ट घालून. असो.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी किती केसेस निकाली निघाल्या त्याचा आकडा वर पाठवायचा असतो. आकडा मोठा दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. जबरदस्ती कोणी करत नाही, पण "अहो मिटवून टाका, किती दिवस खेटे घालणार" हे वाक्य दिवसभरात शंभर वेळा कानावर पडतं. मावशींच्या कानावरही पडेल. ते प्रेमाने म्हटलेलं असतं, पण तुम्ही आकडा ठरवूनच जा.

आणि तडजोडीच्या पुरसिसमध्ये (म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) पैसे किती दिवसांत भरायचे आणि उशीर झाला तर व्याज किती, हे लिहून घ्या म्हणजे घ्याच.

नर्मदाकाठ
@निवृत्त_रोजनामा यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या भावाची चेक बाउन्सची केस लोकअदालतीत मिटली. चार हप्ते ठरले, हार घालायचेच काय ते बाकी होते. दोन हप्ते आले आणि समोरचा गायब. मग वसुलीसाठी दरखास्त दाखल करा, म्हणजे पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील. भाऊ म्हणतो मिटली म्हणजे नक्की काय मिटलं?

काळाकोट
@नर्मदाकाठ वाईट झालं, पण एक लक्षात घ्या की दरखास्त थेट टाकता आली. चेक बाउन्ससारख्या फौजदारी केसमधली तडजोड सुद्धा हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. तडजोड नुसती तोंडी असती तर भाऊ शून्यापासून सुरू झाला असता. इन्शुरन्स कंपनीचा तसा प्रश्न नसतो, ती पळून जात नाही. फक्त वेळ लावते.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवून जरा हिशेब करूया का? अपघाताच्या दाव्यात भरपाईचं गणित बरंचसं ठरलेलं आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक दिलाय. ५१ ते ५५ वयाला ११. मग २०१७ च्या प्रणय सेठी निकालात भविष्यात उत्पन्न वाढेल म्हणून भर किती घालायची ते ठरलं, स्वतःचा धंदा असणाऱ्या ५० ते ६० वयाच्या माणसाला १० टक्के.

मावशींचं उत्पन्न महिना १५,००० धरू (माझा अंदाज, खरं काय ते तुम्ही बघा). वर्षाचे १,८०,०००. त्याचे २० टक्के ३६,०००. गुणिले ११ म्हणजे ३,९६,०००. त्यात १० टक्के घातले की ४,३५,६००. यात हॉस्पिटलची बिलं नाहीत, वेदनांचे पैसे नाहीत, घरी पडून होत्या त्या महिन्यांचं बुडालेलं उत्पन्न नाही आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याजही नाही.

आता साडेतीन लाखाकडे परत एकदा बघा.

पर्वतीपायथा
@आकडेमोड बापरे. मला काय पटत नव्हतं ते आत्ता कळलं. बिलंच १ लाख ४० हजारांची आहेत.

काळाकोट
गणित ढोबळ मानाने बरोबर. एक दुरुस्ती, आणि ही फार महत्त्वाची. सर्टिफिकेटवरचे २० टक्के म्हणजे कमाईचं नुकसान आपोआप २० टक्के असं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या माणसाच्या कामावर प्रत्यक्ष काय परिणाम झाला ते बघा. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला मांडीच्या दुखापतीने कमी फरक पडेल. तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईला जास्त. २० चे ३० होऊ शकतात, आणि पुरावा नसेल तर २० चे १० पण होऊ शकतात. डबे किती होते, आता किती आहेत, काही लिहिलेलं आहे का?

पर्वतीपायथा
वही आहे. मावशीची डब्यांची वही, कोणाचे किती खाडे ते लिहिते त्यात. वकिलांना कधी दाखवली नाही, त्यांनी विचारलंच नाही. आता वीस डबे आहेत, आधी पस्तीसपर्यंत होते.

काळाकोट
वही उद्याच्या उद्या वकिलांकडे घेऊन जा. झेरॉक्स काढून द्या, मूळ वही घरी ठेवा.

खडकीचा_राजा
अवांतर. मला मेसेज आलाय की लोकअदालतीत गाडीचं चलन भरलं तर ५० टक्के सूट. खरंय का? माझी सात चलनं आहेत, त्यातली तीन एकाच सिग्नलची.

बिनपाण्याचा_पुणेकर
एकाच सिग्नलची तीन? तो सिग्नल आता तुम्हाला नावानिशी ओळखत असेल.

निवृत्त_रोजनामा
@खडकीचा_राजा चलनाची प्रकरणं दाखलपूर्व (म्हणजे कोर्टात केस दाखल व्हायच्या आधीची) म्हणून लोकअदालतीत ठेवतात हे खरं, पण सूट मिळेलच आणि इतकीच मिळेल असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मेसेजमधल्या लिंकवर तर मुळीच पैसे भरू नका.

सोनचाफा
मूळ प्रश्नातला दुसरा भाग होता ना, की ही कोर्टं खरंच वेगळी असतात का. मी फॅमिली कोर्टाबद्दल लिहिते, कारण आयुष्यातली दोन वर्षं तिथे काढलीत.

पुण्यातलं फॅमिली कोर्ट १९८९ पासून आहे. कायदा १९८४ चा. कायद्याची कल्पना फार चांगली आहे. वकिलांची झटापट नको, माणसांनी स्वतः बोलावं, न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करावा, पुराव्याचे नियम सैल, कोणी मागितलं तर बंद दाराआड सुनावणी. वकील लावणं हा हक्क नाही असंसुद्धा कलम १३ मध्ये लिहिलंय. प्रत्यक्षात परवानगी घेऊन सगळ्यांचेच वकील असतात, माझाही होता आणि मी त्याचे आभारच मानते.

पण मला सांगायचंय ते समुपदेशकांबद्दल. केस कोर्टापुढे उभी राहायच्या आधी आम्हाला समुपदेशकांकडे पाठवलं. छोटी खोली, मध्ये टेबल, टेबलावर टिश्यूचा डबा. तो डबा पाहून मला पहिल्यांदा वाटलं की या इमारतीत कोणाला तरी माहीत आहे इथे माणसं रडतात. त्या बाईंनी मला एकदाही "जुळवून घे" म्हटलं नाही. आधी त्याला वेगळं ऐकलं, मला वेगळं ऐकलं, मग एकत्र. चौथ्या बैठकीत आम्ही दोघं सहा वर्षांत पहिल्यांदा मुलीच्या शाळेबद्दल न भांडता बोललो. लग्न वाचलं नाही. पण संमतीने घटस्फोट झाला आणि मुलगी शनिवार-रविवार बाबाकडे जाते ती हसत जाते. हे नेहमीच्या कोर्टात झालं असतं का? मला नाही वाटत.

गारवा
@सोनचाफा मनापासून लिहिलंय, आवडलं.

सदू_सातपुते
माझा अनुभव नेमका उलटा. समुपदेशक दर बैठकीला पहिल्यापासून सुरुवात करायचे, मध्ये दोनदा माणूस बदलला, प्रत्येकाला तीच कथा परत. पोटगीचा अर्ज वेगळा, मुलाला भेटायचा अर्ज वेगळा, मूळ अर्ज वेगळा, घरगुती हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे वेगळी. म्हणजे एका भांडणाची चार भांडणं. मुलाला कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायचो, तासभर, खेळणी तुटकी, बाजूला अजून पाच बाप. त्यातला एक जण येताना रोज खेळण्यातली नवीन गाडी आणायचा, माझा मुलगा त्याच्याचकडे जाऊन बसायचा. हसू नका कोणी. म्हणजे हसलात तरी चालेल, आता मलाही येतं हसू.

सोनचाफा
@सदू_सातपुते नाही हसले. माणूस बदलणं हे खरंच वाईट. माझं नशीब की तसं झालं नाही. कोर्ट चांगलं का वाईट हे शेवटी त्या खोलीत कोण बसलंय त्यावर जातं, आणि तसं व्हायला नको खरं म्हणजे.

वाट_बघतेय
एक विचारू? संमतीच्या घटस्फोटाला सहा महिने थांबावंच लागतं का? आम्ही तीन वर्षं वेगळे राहतोय, सगळं ठरलंय.

काळाकोट
@वाट_बघतेय हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर आहे, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ते माफ होऊ शकतं. बरेच दिवस वेगळे राहत असाल, पोटगी आणि मुलांचं सगळं खरंच मिटलेलं असेल आणि पुन्हा एकत्र यायची शक्यता नसेल तर तसा अर्ज द्या. आपोआप होत नाही, मागावं लागतं.

हडसनकाठचा_देशपांडे
तुमच्या चर्चेवरून इकडचं आठवलं म्हणून लिहितो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हुक भागात एक कम्युनिटी कोर्ट आहे, माझं ऑफिस त्या बाजूला होतं तेव्हा एकदा मुद्दाम आत जाऊन बसलो होतो. जुन्या कॅथलिक शाळेच्या इमारतीत आहे, २००० साली सुरू झालं. त्यामागची गोष्ट अशी की १९९२ मध्ये तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक पॅट्रिक डेली एका विद्यार्थ्याला शोधायला बाहेर पडले आणि ड्रग्जवाल्यांच्या गोळीबारात सापडून गेले. त्यानंतर वस्तीचं काहीतरी करायला हवं असं सगळ्यांनाच वाटायला लागलं.

वेगळं काय, तर सदूभाऊ म्हणतात ना एका भांडणाची चार भांडणं, तिथे उलट केलंय. फौजदारी, घरभाड्याचे वाद आणि कुटुंबाचे विषय एकाच न्यायाधीशापुढे. ॲलेक्स कॅलाब्रेसे नावाचे न्यायाधीश अनेक वर्षं तिथे होते, त्यांना वस्तीतली माणसं चेहऱ्याने माहीत. किरकोळ गुन्ह्याला जेलऐवजी बाग साफ कर, भिंत रंगव, व्यसनाचे उपचार घे. उपचारवाले, समाजसेवक, नोकरीसाठी मदत करणारे सगळे त्याच इमारतीत, म्हणजे चिठ्ठी घेऊन गावभर फिरायला नको. २०१३ मध्ये त्याची मोठी पाहणी झाली, त्यात तिथून गेलेल्या प्रौढांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण नेहमीच्या कोर्टांपेक्षा १० टक्क्यांनी कमी आणि अल्पवयीन मुलांचं २० टक्क्यांनी कमी निघालं.

बिनपाण्याचा_पुणेकर
भिंत रंगवायची शिक्षा आपल्याकडे दिली तर आधी टेंडर निघेल.

आकडेमोड
@हडसनकाठचा १० टक्के म्हणजे काही चमत्कार नाही हो.

हडसनकाठचा_देशपांडे
@आकडेमोड चमत्कार नाहीच. पण जेल कमी वापरून १० टक्के, हे धरा ना. शिवाय त्याच अभ्यासात असंही होतं की फरक पडायचं एक मोठं कारण लोकांना आपल्याला नीट वागवलं असं वाटणं हे होतं. निवृत्त काकांनी टेबलापलीकडच्या न्यायाधीशांबद्दल लिहिलंय तेच की.

काळाकोट
आपल्याकडेही समाजसेवा ही शिक्षा आता कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून. पण फक्त सहा गुन्ह्यांना. त्यात दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं आहे, बदनामी आहे, आणि ५,००० रुपयांपेक्षा कमीची पहिलीच चोरी, तीही वस्तू किंवा किंमत परत केली तर.

खडकीचा_राजा
आणि निबंध? ३०० शब्दांचा? 😏

काळाकोट
@खडकीचा_राजा ती शिक्षा नव्हती, मे २०२४ मध्ये पुण्यातल्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन मुलाच्या जामिनाला बाल न्याय मंडळाने घातलेली अट होती. आणि मंडळाने काही दिवसांतच तो आदेश बदलला.

खडकीचा_राजा
दोन माणसं गेली होती हो त्यात. अट म्हणा नाहीतर शिक्षा म्हणा.

मधुमालती
त्या आदेशाचा राग मलाही आला होता, पण त्यापायी अख्खं बाल न्याय मंडळ ही थट्टा होऊ नये म्हणून लिहिते. मी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई असावी लागते. तिथे येणारी बहुतेक मुलं श्रीमंतांची नसतात. मोबाईलचोरी, मारामारी, घरातून पळालेली. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणीतरी असतं म्हणून काही वाचतात.

आणि ज्यांच्यावर अत्याचार झालाय अशा मुलांची विशेष कोर्टं. पॉक्सो कायद्यात मुलाला आरोपी समोर दिसता कामा नये असं स्पष्ट आहे. आठ वर्षांच्या मुलीला कॉरिडॉरमध्ये आरोपीच्याच बाकावर ताटकळत बसवल्यावर आत पडदा लावून काय उपयोग? जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने, आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात, अशा साक्षीदारांसाठी वेगळ्या खोल्या करायला देशभर सांगितलं. जिथे तशी खोली झाली आहे तिथे फरक दिसतो. मी एका मुलीबरोबर गेले होते, वेगळ्या दाराने आत, भिंतीवर चित्रं, न्यायाधीश बाई साध्या साडीत. ती साक्ष देऊन बाहेर आली आणि म्हणाली ताई, भूक लागली. त्या दिवशी मला बरं वाटलं.

गारवा
@मधुमालती 🙏

आबा_सासवड
मी वाचतो, लिहीत नाही फारसा. पण म्हाताऱ्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मुलं बघत नसतील तर कोर्टात जायचीसुद्धा गरज नाही, प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. २००७ चा कायदा आहे. तिथं वकिलाला बंदी असं त्या कायद्यात लिहिलंय. आमच्या ओळखीतल्या एकाने घर मुलाच्या नावावर करून दिलं, सांभाळायची अट कागदावर घातली होती, मुलाने सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द झालं. अट कागदावर घातली होती म्हणून बरं. तेवढं सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

बिनपाण्याचा_पुणेकर
@आबा_सासवड हा प्रतिसाद माझ्या पोरांना फॉरवर्ड केलाय. काही कारण नाही, सहज.

मधुमालती
@पर्वतीपायथा एक राहिलंच. मावशींनी वकिलांची फी कशी ठरवली आहे? कारण बाईला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कलम १२. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक, सगळ्यांना. त्यांचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं आणि लोक त्याच्या समोरून वर्षानुवर्षं जातात.

पर्वतीपायथा
माहीतच नव्हतं. फी मिळणाऱ्या रकमेतून टक्केवारीने ठरली आहे, मावशीने होकार दिला होता.

काळाकोट
टक्केवारीवर फी घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. यापेक्षा जास्त मी इथे बोलणार नाही. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

निवृत्त_रोजनामा
काळाकोट साहेब कोणाच्याच पंगतीत बसत नाहीत, म्हणून वाचावंसं वाटतं.

मंच_व्यवस्थापक
मंडळी, धागा सुंदर चाललाय पण न्यूयॉर्क, सासवड सगळं झालं. मूळ प्रश्नावर येऊया. पर्वतीपायथा, काय ठरलं?

पर्वतीपायथा
उशिरा लिहितोय, माफ करा. शनिवारी लोकअदालत झाली.

सकाळी साडेदहाला गेलो. निवृत्त काकांनी लिहिलंय तसंच, लग्नघर. चलनवाल्यांची रांग पार बाहेरपर्यंत (खडकीचे राजे त्यात होते का माहीत नाही). आमचा नंबर दीड वाजता आला. मॅडम न्यायाधीश, एक वकील आणि एक वयस्कर गृहस्थ. इन्शुरन्स कंपनीचे वकील आणि एक अधिकारी.

मी रात्री जागून आकडेमोड यांचा हिशेब एका कागदावर मांडला होता, आमच्या वकिलांनाही दिला. खरं सांगतो, ते आधी जरा नाराज झाले, मग वही चाळली आणि म्हणाले ही आधी का नाही आणली. मी गप्प बसलो.

कंपनीचे वकील म्हणाले, मॅडम, अर्जदार गृहिणी आहेत, घरी थोडेफार डबे करतात, साडेतीन पुष्कळ आहेत. मावशी तोपर्यंत पदर बोटाला गुंडाळत बसली होती. मला येताना रिक्षात म्हणाली होती की जास्त ताणू नको, देतील ते घेऊ. ती एकदम म्हणाली, "थोडेफार नाही हो. पस्तीस माणसं जेवत होती माझ्या हातचं. पावसात सुद्धा एक दिवस चुकला नाही, अपघात झाला त्या दिवशी पण सकाळचे डबे गेलेले होते." आणि पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती खरंच वाचली. पानं उलटून. कोणाचे तरी खाडे बघून हसल्या पण.

मग कंपनी चारवर आली, मग पावणेपाचवर. अधिकारी म्हणाले यापुढे माझ्या हातात नाही, वरून मंजुरी लागेल. ते गृहस्थ म्हणाले ताई, मिटवून टाका, किती खेटे घालणार. (काका, तुमची आठवण आली.) मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं आता होच म्हणणार. ती म्हणाली, "नको. तीन वर्षं खेटे घातले, अजून घालीन."

मॅडम म्हणाल्या ठीक आहे, तुमचा हक्क आहे. केस परत मूळ कोर्टात. कोणी रागावलं नाही, काही नाही. पाच मिनिटांत बाहेर.

सोनचाफा
मावशी!!! 👏👏

सदू_सातपुते
पावणेपाच हातात आले असते राव. मी घेतले असते. कोर्टात अजून दोन वर्षं गेली तर?

आकडेमोड
@सदू_सातपुते बिलं धरून हिशेब सहाच्या आसपास जातो, वर व्याज. दोन वर्षं थांबण्याची किंमत आहे हे मान्य, पण सव्वा लाखही कमी नाहीत.

नर्मदाकाठ
सदूभाऊंचंही चूक नाही. घरात पैशाची नड असती तर मीही घ्या म्हणालो असतो. नड नाहीये ना हो?

पर्वतीपायथा
@नर्मदाकाठ नड कोणाला नसते. पण मावशी म्हणते पैशाचं नाही, तो "थोडेफार" म्हणाला ते लागलं.

काळाकोट
शेवटचं पोस्ट म्हणालो होतो तरी आलोच. नुसत्या गृहिणी असत्या तरी त्यांच्या कामाची किंमत धरावीच लागते, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. इथे तर धंदा आहे. आता पुराव्याची तयारी करा. वही आहे, ती सिद्ध करायला डबा खाणारे दोन-तीन जण साक्षीला आणा, अपघाताच्या आधीपासूनचे आणि वहीत ज्यांची नावं आहेत असे. डॉक्टरांची साक्ष पण घ्या, उभं राहण्याबद्दल. आणि कंपनीचा अधिकारी वरून मंजुरी घेऊन आला तर मधल्या तारखेलाही तडजोड होऊ शकते, पुढच्या लोकअदालतीची वाट बघायची गरज नाही.

पर्वतीपायथा
धन्यवाद साहेब. दोन जण तयार आहेत, एक बँकेत आहेत, एक तेव्हा शिकत होता आता नोकरीला लागलाय. तिसरा शोधतोय. पुढची तारीख महिन्याने आहे.

बिनपाण्याचा_पुणेकर
तिसरा साक्षीदार म्हणून मी यायला तयार आहे. उद्यापासून डबा चालू करा.

पर्वतीपायथा
@बिनपाण्याचा २०२२ च्या वहीत तुमचं नाव लागेल त्याला, उलटतपासात पहिल्याच प्रश्नाला पडाल. डबा मात्र मिळेल. मावशीने विचारलंय पोळ्या किती.